परदेशस्थ वारस आणि गावाकडची जमीन : सातारा-सांगलीकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी वडील वारले, तेव्हा दिवसकार्य उरकल्यावर वारस नोंदीचा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला आणि त्यात आईचे व माझे अशी दोनच नावे घातली. थोरली बहीण त्याआधीच अमेरिकेची नागरिक झाली होती. "ताई आता तिकडची झाली, तिचं नाव सातबाऱ्यावर कसं लागेल?" असे भावकीतील एक जाणते गृहस्थ म्हणाले आणि मी ते खरे मानले. ते खरे नव्हते. पुढे ती चूक निस्तरण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावे लागले, विलंब माफीचा अर्ज द्यावा लागला आणि ताईला तीनदा कागद पाठवावे लागले. या काळात जे समजले, ते सातारा-सांगली भागातील ज्या घरांतील मुले-मुली परदेशी स्थायिक झाली आहेत त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून क्रमाने लिहीत आहे. पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. वारस नोंद होण्याआधी विक्रीची बोलणी सुरू केली की पुढचे सगळे गणित चुकते.

पहिली पायरी : नागरिकत्व आणि निवास हे दोन प्रश्न वेगळे करा

आपल्याकडे परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाला सरसकट 'एनआरआय' म्हणतात, पण कायद्यात तसे नाही. कराडचा एखादा अभियंता भारतीय पासपोर्टवरच जर्मनीत नोकरी करीत असेल तर तो भारतीय नागरिक आहे, फक्त अनिवासी आहे. त्याच्याच शेजारी राहणारा आणि जर्मन नागरिकत्व घेतलेला त्याचा मित्र भारतीय नागरिक राहिलेला नाही, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी कोणी आदेश काढावा लागत नाही. परदेशी नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर जुना भारतीय पासपोर्ट वापरून गावी येणे हा गुन्हा ठरतो. तो वकिलातीत जमा करून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या अर्जालाही हे प्रमाणपत्र जोडावे लागते.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. हे कार्ड धारकाला आजीवन व्हिसा आणि काही आर्थिक बाबतींत अनिवासी भारतीयांसारखी वागणूक देते. मतदानाचा, निवडणूक लढवण्याचा किंवा घटनात्मक पदावर बसण्याचा अधिकार देत नाही. भारतीय वंशाच्या व्यक्तींचे पूर्वीचे पीआयओ कार्ड ९ जानेवारी २०१५ पासून ओसीआयमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे कपाटात जुने पीआयओ कार्ड असेल तर ते आधी बदलून घ्या. ज्यांनी परकीय नागरिकत्व घेतले आहे त्यांचे नाव गावच्या मतदार यादीत राहू देऊ नये. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीला मात्र यादीत नाव ठेवता येते, फक्त मत देण्यासाठी प्रत्यक्ष केंद्रावर यावे लागते.

निवासाचा प्रश्न यापासून स्वतंत्र आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, जमीन आणि पैसा यांच्याकडे निवासाच्या दृष्टीने पाहतो. नोकरीसाठी देश सोडून गेलेला माणूस त्या दृष्टीने लगेच अनिवासी होतो. आयकर कायदा दिवस मोजतो, आणि त्याचे मोजमाप निराळे आहे. म्हणून कोणत्याही वकिलाकडे किंवा सनदी लेखापालाकडे जाण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा : आज पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, परकीय नागरिकत्व घेतले असल्यास कोणत्या तारखेला घेतले, आणि वडील किंवा आई वारली त्या दिवशी आपण कोठे राहत होतो.

दुसरी पायरी : काय मिळवता येते आणि काय नाही

आमच्या घरात झालेली चूक या एका मुद्द्याच्या अज्ञानातून झाली, म्हणून तो जरा विस्ताराने मांडतो.

अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक भारतात फ्लॅट, बंगला, दुकानाचा गाळा खरेदी करू शकतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन मात्र त्याला विकत घेता येत नाही. परंतु वारशाने कोणतीही स्थावर मिळकत, शेतजमिनीसह, त्याला मिळू शकते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारसा मिळणार असेल तर अडचणच नाही, आणि परदेशस्थ व्यक्तीकडून मिळणार असेल तर त्या व्यक्तीने ती जमीन कायदेशीरपणे मिळवलेली असली म्हणजे झाले. भारतात राहत असताना स्वतः खरेदी केलेली शेतीही परदेशी गेल्यावर ठेवता येते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात वारसाचे नागरिकत्व विचारलेले नाही. मुलगा कॅनडाचा असो वा मुलगी ऑस्ट्रेलियाची, आईबापाच्या पश्चात ती वारसच राहतात.

आता यातला सापळा. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात यांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये लागते. ही सवलत ऐकून अनेक वयस्क आईवडील हयातीतच परदेशातील मुलाच्या नावे शेताचे बक्षीसपत्र करून टाकतात. हेतू चांगला असतो, पण फेमाखालील नियमांनुसार अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला नातेवाईकाकडून बक्षीस घेता येते ते शेतजमीन सोडून इतर मिळकतीचे. दस्त नोंदवला गेला म्हणून व्यवहार वैध ठरत नाही. दुय्यम निबंधक दस्त आणि शुल्क पाहतात, परकीय चलनाचा कायदा तपासणे हे त्यांचे काम नव्हे. या कायद्याच्या उल्लंघनासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा शेत परदेशस्थ मुलाला द्यायचे असेल तर बक्षीसपत्र नको, मृत्युपत्र करा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे (तरी ती करावी, असा माझा आग्रह आहे), आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य आहेत.

तिसरी पायरी : उतारे गोळा करून ते नीट वाचा

सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी) हे तीन कागद हाताशी असल्याशिवाय पुढे जाऊ नये. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा परदेशात बसूनही १५ रुपयांत उतरवून घेता येतो आणि तो सरकारी कामाला चालतो. आठ-अ उताऱ्यावरून वडिलांच्या खात्यात कोणकोणते गट आहेत ते कळते. पुष्कळदा माळावरचा एखादा तुकडा किंवा विहिरीतला हिस्सा घरातल्या कोणाच्याच लक्षात नसतो. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजनांचे पाणी आल्यापासून आटपाडी, कवठे महांकाळ, जत या भागांतील ज्या माळरानाकडे पूर्वी कोणी फिरकत नव्हते त्याला भाव आला आहे, आणि वर्षानुवर्षे न केलेल्या वारस नोंदींचे वाद तेथेच अधिक उफाळताना दिसतात.

सातबाऱ्यावर चार ठिकाणी नजर टाका. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे पहिले. वर्ग २ असल्यास जमीन इनामाची, शासनाने दिलेली किंवा पुनर्वसनात मिळालेली असू शकते आणि तिच्या विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांच्या विस्थापितांना मिळालेल्या जमिनींबाबत हे विशेष तपासावे. दुसरे, नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे लिहिले आहे का. त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; म्हणजे जमीन त्या एकट्याची नसून कुटुंबाची असण्याची शक्यता आहे आणि चुलत्यांचे हिस्सेही त्यात असू शकतात. तिसरे, इतर हक्कांचा रकाना : विकास सोसायटीचा बोजा, बँकेचे कर्ज, कुळाचे (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे) नाव, रस्त्याचा किंवा विहिरीचा हक्क. वडिलांनी पंधरा वर्षांपूर्वी फेडलेल्या पीककर्जाचा बोजाही तेथे तसाच पडून असतो; तो सोसायटीचा दाखला देऊन कमी करून घ्यावा लागतो. चौथे, पीक पाहणीत कोणाची वहिवाट लागली आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

गावठाणातील घर सातबाऱ्यावर नसते. त्याचा उतारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा सिटी सर्व्हे झालेला असल्यास मिळकत पत्रिका. घर ही शेतजमीन नसल्यामुळे त्याला वरची बंधने लागू नाहीत, आणि तेथे आई हयातीत परदेशस्थ मुलीला बक्षीसपत्र करू शकते. घर आणि शेत यांचे कागद एकाच फायलीत कोंबू नका.

चौथी पायरी : वारस नोंद

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, हक्क मिळाल्याचे कळवायचे असते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण उशिराबरोबर साक्षीदार, कागद आणि भावकीतील सलोखा जातो. अर्ज तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, नाती आणि पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र, आणि ओळखीचे पुरावे लागतात. नोंद आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये होते, चौकशीनंतर फेरफार नोंदवहीत धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते.

परदेशस्थ वारसाच्या बाबतीत येथे तीन गोष्टी जपाव्यात.

सर्व वारसांची नावे द्या. अपवाद करू नका. मृत पुरुषाची विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असल्यास तीसुद्धा प्रथम वर्गाच्या वारस आहेत; आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलेही येतात. लग्न झालेल्या मुलीचे नाव गाळण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि ती परदेशी असेल तर गाळणाऱ्यांना आणखी एक निमित्त मिळते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मतःच सहदायाद (मुलाइतकीच हिस्सेदार) आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने ठरले आणि वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयीन हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्यांना मात्र त्यामुळे धक्का लागत नाही. प्रतिज्ञापत्रात खरा वारस लपवणे म्हणजे खोटे प्रतिज्ञापत्र करणे होय, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर मी सही केली नसती.

नोटीस पोचण्याची व्यवस्था करा. गावच्या पत्त्यावर नोटीस निघते, ती घरातलाच कोणी घेतो आणि ताईला कळतही नाही. अर्जातच परदेशातील पूर्ण पत्ता आणि भारतातील ज्या व्यक्तीने नोटीस स्वीकारायची तिचे नाव लिहावे. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात. गावाकडे काही हालचाल चालल्याची शंका असल्यास परदेशातील वारसाने दर पंधरवड्याला तेथे आपला गट क्रमांक तपासावा. नोंद प्रमाणित झाल्यावर तिच्यावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करण्याची मुदत ६० दिवसांची आहे. त्यानंतर विलंबाचे समाधानकारक कारण द्यावे लागते.

नावांचा मेळ आधीच घाला. हा प्रश्न किरकोळ वाटतो आणि सगळ्यात जास्त वेळ खातो. सातबाऱ्यावर 'बाळू रामू', शाळेच्या दाखल्यावर 'बाळासाहेब रामचंद्र', पासपोर्टवर मधले नाव गळालेले, आणि मुलीच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरचे नाव व परदेशात घेतलेले आडनाव अशी तीन-तीन रूपे असतात. माझ्या बहिणीचे लग्नात नाव बदलले होते. तिच्या अमेरिकन पासपोर्टवर जे नाव आहे ते आमच्या गावात कोणीच ओळखत नाही. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, जुना भारतीय पासपोर्ट आणि नागरिकत्वाचे प्रमाणपत्र अशी साखळी लावून 'ही एकच व्यक्ती आहे' असे प्रतिज्ञापत्र तिने वकिलातीसमोर केले, तेव्हा काम पुढे सरकले. जुना पासपोर्ट रद्द झाला म्हणून टाकून देऊ नका. तुमचे मूळ नाव आणि आईवडिलांची नावे एकत्र दाखवणारा तो उत्तम पुरावा आहे.

एक गोष्ट निक्षून सांगतो. वारस नोंद ही महसुली नोंद आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानली जाते, पण ती मालकी निर्माण करीत नाही आणि नाव नसल्याने मालकी नष्टही होत नाही. वारस कोण याबद्दलच वाद असेल तर दिवाणी न्यायालयाकडूनच निर्णय किंवा वारस दाखला घ्यावा लागतो. बँकेतील ठेवी, शेअर यांच्यासाठी लागणारे उत्तराधिकार प्रमाणपत्र हे आणखी निराळे. उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ आलीच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगली जिल्ह्यांची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) चालतात. मुंबईच्या फेऱ्या त्यामुळे वाचल्या आहेत.

पाचवी पायरी : कुलमुखत्यारपत्र

दर सुनावणीला परदेशातून येणे शक्य नसते, त्यामुळे कुलमुखत्यारपत्र लागतेच. विटा-आटपाडीकडचे गलाई (सोने-चांदी गाळण्याचे) व्यावसायिक पिढ्यान्‌पिढ्या परराज्यांत राहतात आणि गावची शेती सांभाळतात, पण ते देशातच असल्याने त्यांचे काम जवळच्या नोटरीकडे होते. परदेशात केलेल्या पत्राला जास्त सोपस्कार आहेत.

मसुदा भारतात, शक्यतो जमीन ज्या तालुक्यात आहे तेथल्या वकिलाकडून करून घ्या, म्हणजे गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा चुकणार नाहीत. तो परदेशी पाठवून तेथे सही करायची. सहीच्या प्रमाणीकरणाचे दोन मार्ग आहेत : भारतीय वकिलातीसमोर सही करणे, किंवा तेथील नोटरीसमोर सही करून त्या देशाच्या अधिकाऱ्याकडून अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचे आंतरराष्ट्रीय करारानुसारचे प्रमाणन, घेणे. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया त्यात आहेत आणि कॅनडात ही सोय जानेवारी २०२४ पासून झाली. दुबई-अबुधाबीकडील लोकांनी मात्र सरळ भारतीय दूतावासात जावे, कारण संयुक्त अरब अमिराती या करारात नाही. सही प्रत्येक पानावर, छायाचित्र लावलेले, दोन साक्षीदार आणि पासपोर्टची प्रत जोडलेली असावी.

मूळ कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत बहुतेकांची हुकते. कुरिअरचे पाकीट जपून ठेवा, कारण कागद कोणत्या तारखेला आला याचा तोच पुरावा असतो.

आता अधिकारांविषयी. वारस नोंद, उतारे, मोजणी, नोटिसा स्वीकारणे, सुनावणीस हजर राहणे, वकीलपत्र देणे एवढ्यापुरते खास मुखत्यारपत्र करा. 'सर्व प्रकारचे व्यवहार करण्याचा अधिकार' असे सरसकट वाक्य आणि विक्रीचा अधिकार त्यात नको. विक्री करायची झाली तर तेव्हा, ठरलेल्या किमतीसह आणि खरेदीदाराच्या नावासह वेगळे पत्र करता येते. माझे मत असे, की ज्या व्यक्तीचा त्याच जमिनीत हिस्सा आहे तिला शक्यतो मुखत्यार नेमू नये. भावाबद्दल अविश्वास म्हणून मी हे लिहीत नाही. मी स्वतः असा भाऊ आहे आणि ताईने मुखत्यार म्हणून आमच्या आतेभावाला नेमले, ते योग्यच केले असे मला वाटते. लिहून देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर साधारणतः मुखत्यारपत्र संपते. मृत बहिणीच्या मुखत्यारपत्रावर केलेली सही टिकत नाही. तसेच केवळ मुखत्यारपत्र आणि साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) यांच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. कोणी 'पॉवरवर देऊन टाका' म्हणाला तर नकार द्यावा.

सहावी पायरी : शेत कोण कसतो आणि पैसे कोठे जातात

नाव लागले की बहुतेक लोक सुटकेचा निश्वास टाकतात. खरा धोका त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत असतो. शेत तोंडी वाट्याने किंवा खंडाने दिले जाते, पीक पाहणीत कसणाऱ्याचे नाव लागते, आणि कुळकायद्याचा दावा उभा राहतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळालाही जमीन खरेदीचा हक्क सांगता येतो, तेव्हा 'कुळकायदा जुना झाला' या समजुतीवर राहू नये. जमीन कसायला देताना कुळहक्क निर्माण होणार नाही असा लेखी करार वकिलाकडून करून घ्यावा, मुदत संपताच नवा करावा, आणि २०२१ पासून मोबाइलवर होणाऱ्या ई-पीक पाहणीत दर हंगामाला खातेदाराच्या नावे नोंद झाली की नाही ते पाहावे. त्रयस्थाचा बारा वर्षांचा उघड आणि विरोधी ताबा मालकी हिरावू शकतो. सहहिस्सेदार भावाचा ताबा मात्र केवळ काळ लोटला म्हणून विरोधी ठरत नाही.

पैशाचे खाते ही दुसरी दुर्लक्षित बाब. परदेशी गेल्यावर साधे बचत खाते तसेच चालवणे नियमबाह्य आहे. ते एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या खात्यात, बदलावे लागते. उसाचे बिल, बेदाण्याची पट्टी, घराचे भाडे हे सगळे एनआरओ खात्यात यायला हवे. सर्वच सहकारी बँकांना असे खाते उघडण्याची परवानगी नसते, आणि आपल्याकडे कारखान्याची बिले तर सहसा तेथेच जमा होतात. त्यामुळे कारखान्याकडे आणि अडत्याकडे बँक बदलाचा अर्ज द्यावा लागतो. कारखान्याचा शेअरही वारसाच्या नावे करून घ्यावा. तो सातबाऱ्याबरोबर आपोआप येत नाही.

सातवी पायरी : वाटणी आणि हक्कसोडपत्र

सर्व सहहिस्सेदारांची संमती असेल तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटणी होते. एकजण जरी नाही म्हणाला तरी दिवाणी दावा. वाटणीत पडणारे तुकडे तुकडेबंदी कायद्याच्या प्रमाणभूत (ठरवून दिलेल्या किमान) क्षेत्रापेक्षा लहान होणार नाहीत ना, हे आधी पाहावे.

परदेशस्थ बहिणीने किंवा भावाने भारतात राहणाऱ्या भावंडाच्या नावे हक्कसोडपत्र करता येते. ते नोंदणीकृतच हवे. उलट दिशेने, म्हणजे गावच्या भावाने शेतातला हिस्सा परदेशस्थ भावाच्या नावे सोडायचा असेल, तर ते बक्षीस समजले जाण्याचा धोका आहे आणि जाणकार सल्ल्याशिवाय ते करू नये. सही मागणाऱ्यांना एक विनंती आहे. बहीण दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आली असताना, परतीच्या आदल्या दिवशी, न वाचता तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेणे योग्य नव्हे. मसुदा महिनाभर आधी पाठवा आणि तिला तो तिच्या वकिलाला दाखवू द्या.

आठवी पायरी : विक्री, कर आणि रक्कम बाहेर नेणे

परदेशस्थ वारसाला शेतजमीन भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकता येते, आणि महाराष्ट्राच्या कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे ती व्यक्ती शेतकरीही असावी लागते. दुबईतील मित्राला किंवा लंडनमधील चुलतभावाला विकता येत नाही. व्यवहार पूर्णपणे बँकेतून करा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि रोख घेतलेला पैसा परदेशी नेताच येत नाही.

कराचा पहिला प्रश्न जमीन ग्रामीण आहे की शहरी हा. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली लाभ कर नाही. पालिकेच्या हद्दीतील जमीन शहरी धरली जाते. हद्दीबाहेरील जमिनीचे अंतर सरळ रेषेत मोजतात : पालिकेची लोकसंख्या दहा हजारांहून अधिक पण एक लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर ६, त्यापुढे ८. २०११ च्या जनगणनेनुसार सांगली-मिरज-कुपवाड आणि सातारा या दोन्ही ठिकाणी ६ किलोमीटरचे, तर कराडला २ किलोमीटरचे वर्तुळ येते. मिरजेच्या सीमेपासून पाच किलोमीटरवरचा द्राक्षमळा त्यामुळे करपात्र ठरू शकतो.

करपात्र जमिनीवर, वडिलांचा धारणकाळ धरून दोन वर्षांहून अधिक काळ झालेला असल्यास, २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आणि त्यावर अधिभार व उपकर लागतो. वडिलांनी किंवा आजोबांनी जमीन २००१ पूर्वी मिळवलेली असेल तर १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खर्च म्हणून धरता येते; त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल विक्रीच्या आधीच घ्यावा. विक्रेता अनिवासी असताना खरेदीदाराने निवासी विक्रेत्याप्रमाणे १ टक्का कापून भागत नाही. त्याने अनिवासी विक्रेत्यासाठी असलेल्या दराने करकपात करायची असते आणि बहुधा ती पूर्ण किमतीवर केली जाते. एवढी रक्कम अडकू नये म्हणून कमी कपातीचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून खरेदीखताच्या आधी मिळवावे. त्याला वेळ लागतो, तेव्हा इसार घेताना मुदत ऐसपैस ठेवा.

विक्रीची रक्कम एनआरओ खात्यात जमा करून तेथून एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकन डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. बँक वारशाचा पुरावा, खरेदीखत, कर भरल्याचा पुरावा आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र मागते. भारतात कर नाही म्हणजे तिकडेही नाही, असे समजू नका. अमेरिकेत जगभरातील उत्पन्नावर कर आहे, त्यामुळे कोरेगावच्या ग्रामीण जमिनीवर इकडे शून्य कर असला तरी तिकडे तो लागू शकतो. शिवाय परदेशी व्यक्तीच्या मालमत्तेतून एक लाख डॉलरहून अधिक वारसा मिळाल्यास तेथील करखात्याला स्वतंत्र विवरणपत्र द्यावे लागते.

नववी पायरी : पुढच्या पिढीचे कागद

परदेशात वाढलेल्या मुलांच्या नावे ही जमीन एक दिवस जाणार आहे. आजोबा भारतात राहत होते, त्यामुळे तुम्हाला वारसा सहज मिळाला. तुम्ही स्वतः परदेशस्थ आहात, म्हणून तुमच्याकडून मुलाला जाणारा वारसा हा परदेशस्थ व्यक्तीकडून मिळणारा वारसा असेल. त्या वेळी मुलाकडे परकीय पासपोर्ट असून ओसीआय कार्ड नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा प्रश्न उभा राहू शकतो. मुले लहान असतानाच त्यांचे ओसीआय काढावे आणि कार्डाच्या अर्जातील आईवडिलांची नावे सातबाऱ्यावरील नावांशी जुळवून घ्यावीत.

स्वतःचे मृत्युपत्र भारतातील मिळकतीपुरते वेगळे करा. परदेशातील मृत्युपत्रात सगळे एकत्र घातले तर गावच्या एका गटासाठी तिकडची न्यायालयीन प्रक्रिया संपण्याची वाट पाहावी लागते. दोन मृत्युपत्रे केल्यास दुसऱ्याने पहिले रद्द होत नाही, असे वाक्य दोन्हींत स्पष्ट लिहा. भारतातील मृत्युपत्रात गट क्रमांक, क्षेत्र, गाव आणि तालुका मराठीत, सातबाऱ्यावर आहे तसेच लिहावे, आणि साक्षीदार म्हणून तुमच्याहून तरुण, गावाकडे सापडू शकतील अशी माणसे घ्यावीत. माझ्या बहिणीने गेल्या सुट्टीत कोरेगावात असे मृत्युपत्र नोंदवले. मूळ प्रत तिने बरोबर नेली आणि एक प्रत आईच्या ट्रंकेत, वडिलांच्या जुन्या फेरफारांच्या पुडक्यात ठेवली आहे.